मेरी क्युरीला आधी कळलं तरी कसं? (नववीतल्या मुलीचा प्रश्न)

मृण्मयी_वाई

नमस्कार मंडळी. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. ७ नोव्हेंबरला मेरी क्युरीची जयंती असते, म्हणून नववीची मुलं छोटी नाटिका बसवतायत. संहिता त्यांनीच लिहिली आहे. पॅरिसमधली गळकी शेड, मोठी कढई, लोखंडी दांडा, कडाक्याची थंडी आणि शेवटी काळोखात चमकणारी काचेची नळी. लिहिलंयही छान.

पण परवा तालमीत, जी मुलगी मेरी झाली आहे तिनंच विचारलं, "बाई, चार वर्षं ती ढवळत होती ते समजलं. पण त्या दगडात काहीतरी आहे हे तिला आधीच कसं माहीत? दिसत नाही, वास येत नाही, कुणी सांगितलेलंही नाही." मी म्हटलं, युरेनियमपेक्षा जास्त किरण येत होते. त्यावर लगेच, "जास्त म्हणजे कशानं मोजलं?"

पाठ्यपुस्तकात यावर काही नाही. चरित्रं चाळली, तर त्यांतही हाल-अपेष्टाच जास्त. इथे कुणी नीट सांगेल का? नववीच्या मुलांना झेपेल असं. आणि जोडीला आणखी दोन गोष्टी: तिच्या वह्या आजही शिशाच्या पेटीत ठेवल्या आहेत आणि पुढची पंधराशे वर्षं त्यांना हात लावता येणार नाही, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, त्यात तथ्य किती? आणि तिचा जीव रेडियमनंच घेतला का?

आंबेमोहर

फोटोग्राफिक प्लेटवरून. काळ्या कागदात गुंडाळलेल्या प्लेटवर युरेनियमचं क्षार ठेवलं की प्लेट काळवंडते. जास्त काळवंडली की जास्त किरण. कॉलेजात असंच शिकलो होतो. वह्यांचं खरं आहे बहुतेक, मीही वाचलंय.

शैला_निवृत्त

मृण्मयीताई, तुमच्या विद्यार्थिनीला माझ्याकडून शाबासकी द्या. तिनं बरोबर तिथेच बोट ठेवलंय जिथे शोध आहे. मी मेडिकल फिजिसिस्ट होते, मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या रेडिओथेरपी विभागात उभी नोकरी गेली. सुरुवातीच्या काळात रेडियमच्या सुया हाताळल्या आहेत, त्यामुळे या बाईंबद्दल मला फार आतून वाटतं. जरा सविस्तर लिहिते.

आंबेमोहर, तुम्ही म्हणता ती प्लेट फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ बेकेरेल यांची. १८९६ साली त्यांना युरेनियमचे किरण सापडले ते तसेच. पण प्लेट काळवंडली हे दिसतं, किती काळवंडली हे सांगणं कठीण. दोन नमुन्यांत दीडपट फरक की दुप्पट, हे प्लेटकडे बघून छातीठोकपणे सांगता येत नाही. मेरीनं ती वाट धरलीच नाही. या किरणांचा दुसरा एक गुण बेकेरेलनीच नोंदवला होता: ते ज्या हवेतून जातात त्या हवेतून वीज वाहू लागते. मेरीनं ठरवलं, ही वीजच मोजायची.

मांडणी अशी. आठ सेंटिमीटर व्यासाच्या धातूच्या दोन तबकड्या, एकीवर एक, मधे तीन सेंटिमीटरची फट. खालच्या तबकडीवर नमुन्याची बारीक पूड पसरायची आणि तिला शंभर व्होल्टचा दाब द्यायचा. पुडीतून किरण निघाले की मधली हवा वाहक होते आणि वरच्या तबकडीकडे प्रवाह जातो. केवढा? अँपिअरचे शंभर अब्ज भाग केले तर त्यातले दोन-चार. साध्या गॅल्व्हानोमीटरच्या हे आवाक्याबाहेरचं.

इथे नवऱ्याचं जुनं काम कामी आलं. पिएर क्युरी आणि त्यांचे थोरले भाऊ जाक यांनी १८८० मध्ये शोधून काढलं होतं की क्वार्ट्जच्या स्फटिकावर ताण पडला की त्याच्या पृष्ठावर विद्युतभार येतो, आणि किती वजनाला किती भार हे ठरलेलं असतं. मेरीनं ते असं वापरलं: नमुन्यामुळे इलेक्ट्रोमीटरवर (विद्युतभार दाखवणारं यंत्र) भार साठू लागला की त्याच्या आरशावरून येणारा प्रकाशाचा ठिपका पट्टीवर सरकू लागतो. त्याच वेळी क्वार्ट्जच्या पट्टीला अडकवलेलं वजन हातानं उचलून धरलेलं असतं, ते हळूहळू सोडत जायचं. त्यातून उलट जातीचा भार येतो आणि ठिपका शून्यावर धरून ठेवता येतो. एका हातात वजन, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच, डोळे ठिपक्यावर. पूर्ण वजन सुटायला किती सेकंद लागले ते टिपायचं. भार भागिले वेळ, झाला प्रवाह.

वाचायला सोपं वाटतं. पण हवेत दमटपणा असेल तर भार गळून जातो, वजन जरा झटक्यानं सुटलं की मोजणी फुकट. जागा होती पॅरिसच्या औद्योगिक भौतिकी-रसायन शाळेतली एक कोंदट खोली. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिनं वहीत आकड्यांच्या शेजारी खोलीचं तापमान लिहून ठेवलंय: ६.२५ अंश. पुढे उद्गारचिन्हांची रांग.

आता खरी गंमत. आधी तिनं युरेनियमची निरनिराळी संयुगं तपासली. कोरडी, ओली, पूड, द्रावण, उजेडात, अंधारात, तापवून. आकडा फक्त एका गोष्टीवर ठरत होता: नमुन्यात युरेनियम किती. बाकी कशानंही फरक पडेना. म्हणजे हा गुण संयुगाचा नाही, अणूचा. (माझ्या मते नोबेल इथेच होतं. तेव्हा अणूच्या आत काही आहे हेही कुणी धडपणे सांगू शकत नव्हतं.) मग ती हाताला येईल ते खनिज मोजत सुटली. थोरियममधूनही किरण येतात हे तिला दिसलं. जर्मनीत श्मिट यांनी ते थोडंसंच आधी जाहीर केलं होतं.

आणि मग हे आकडे आले, सगळे वरच्याच मापात, म्हणजे अँपिअरच्या शंभर अब्जाव्या भागांत. युरेनियम धातू २.३. जर्मनीच्या सॅक्सनीतल्या खाणीचं पिचब्लेंड, म्हणजे युरेनियमचं खनिज, ८.३. चाल्कोलाइट, म्हणजे तांबं आणि युरेनियमचं फॉस्फेट असलेलं खनिज, ५.२. पिचब्लेंडमध्ये युरेनियम असतं ऑक्साइडच्या रूपात, बरोबर दगडमातीही असते. म्हणजे शुद्ध धातूपेक्षा आकडा कमीच यायला हवा. आला साडेतीन पटींहून जास्त.

अशा वेळी कुणीही म्हणेल, यंत्र बिघडलं असेल. तिनं काय केलं? प्रयोगशाळेत शुद्ध रसायनांपासून स्वतः चाल्कोलाइट बनवलं. तेच तांबं, तेच युरेनियम, तेच फॉस्फेट, तीच स्फटिकरचना. मोजलं. आकडा आला ०.९.

जमिनीतून आलेल्याचा ५.२ आणि बाटलीतल्या रसायनांपासून केलेल्याचा ०.९. दोन्हींत युरेनियम सारखंच. मग वरचा आकडा आला कुठून? जमिनीतल्या खनिजात आणखी काहीतरी आहे, जे बाटलीत नव्हतं, आणि ते इतकं थोडं आहे की शंभर वर्षं रसायनशास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटलं. तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, मेरीला कळलं ते इथे. १२ एप्रिल १८९८ ला हा निबंध फ्रेंच विज्ञान अकादमीत वाचला गेला, तोही तिचे प्राध्यापक लिप्मान यांनी, कारण नवरा-बायकोपैकी कुणीही तिथलं सभासद नव्हतं.

पुढचं भराभर झालं. पिएरनी आपलं स्फटिकांचं काम बाजूला ठेवलं. दोघांनी पिचब्लेंड विरघळवून एकेक घटक वेगळा केला आणि प्रत्येक पायरीला त्याच तबकड्यांत मोजला. रसायनशास्त्रात नवीन पदार्थ शोधायचा तर तो दिसावा लागतो किंवा तराजूत यावा लागतो. इथे दोन्ही नव्हतं, वाटाड्या म्हणून होता फक्त इलेक्ट्रोमीटर. बिस्मथबरोबर एक जोरदार पदार्थ येत होता, युरेनियमच्या चारशे पट. जुलैमध्ये त्याचं नाव ठेवलं पोलोनियम. नकाशावरून पुसल्या गेलेल्या तिच्या पोलंडवरून. दुसरा बेरियमबरोबर येत होता, नऊशे पट. २६ डिसेंबरला रेडियम जाहीर झालं. त्या निबंधावर गुस्ताव बेमाँ यांचंही नाव आहे, आणि वर्णपटातली नवी रेषा शोधून दिली देमार्से यांनी.

तुमच्या नाटिकेतली कढई येते ती यानंतर. वजन करता येईल एवढं रेडियम हातात असल्याशिवाय अणुभार काढता येत नाही, आणि अणुभार नसेल तर रसायनशास्त्रज्ञ मूलद्रव्य मानत नाहीत. म्हणून बोहेमियातल्या योआखिमश्टालच्या खाणीतून, युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला चोथा पोत्यांनी मागवला. त्यात तिथल्या जंगलातल्या पाइनच्या काड्याही मिसळलेल्या होत्या. शवविच्छेदनासाठी एके काळी वापरलेली शेड मिळाली. एका वेळी वीस-वीस किलोचा घाणा, हे खरंच. पण टनावारी मालावरची पहिली ढोबळ प्रक्रिया एका रासायनिक कंपनीच्या कारखान्यात होत असे आणि तिथे देखरेख आंद्रे देबिएर्न करत, हेही मुलांना सांगा. तिनं स्वतःच प्रबंधात ते नमूद केलंय. शेडमधलं सगळ्यात चिकाटीचं काम होतं ते बेरियम आणि रेडियम वेगळं करण्याचं. दोघांची क्लोराइडं इतकी सारखी, की फरक फक्त एवढाच: रेडियमचं किंचित कमी विरघळतं, म्हणून स्फटिकांत ते थोडं जास्त येतं. स्फटिक काढायचे, पुन्हा विरघळवायचे, पुन्हा काढायचे. असं करत १९०२ मध्ये दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड हाती आलं. अणुभार निघाला २२५. आज आपण २२६ म्हणतो.

वह्या आणि मृत्यूबद्दल रात्री लिहिते.

सेनकाठ

शैलाताई, काय सुंदर लिहिलंत!

मी पॅरिसमध्ये राहतो, म्हणून थोडी भर. पाचव्या विभागात पिएर आणि मेरी क्युरी यांच्या नावाचा रस्ता आहे, तिथे जुन्या रेडियम इन्स्टिट्यूटच्या तळमजल्यावर संग्रहालय आहे. प्रवेश फुकट. तिचं ऑफिस आणि रसायनाची प्रयोगशाळा आजही बघता येते. १९८१ मध्ये ती खोली किरणोत्सारी अंशांपासून स्वच्छ करावी लागली, त्यानंतरच लोकांसाठी उघडली. जुनी मोजणीची यंत्रंही मांडली आहेत. शिवाय १९२१ साली अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी काढून तिला एक ग्रॅम रेडियम भेट दिलं, ते ज्या शिशाच्या जाड पेटीतून आणलं ती पेटीसुद्धा. एक ग्रॅम पदार्थासाठी केवढी अवजड पेटी! रेडियमचं पेटंट न घेतल्यामुळे तिला स्वतःच्याच शोधाचा एक ग्रॅम विकत घेणं परवडत नव्हतं. तेव्हा एका ग्रॅमची किंमत होती एक लाख डॉलर.

मागे छोटी बाग आहे. इमारतीचं बांधकाम चालू असतानाच तिनं तिथे लिंडेनची झाडं आणि गुलाब लावून घेतले होते. तिथून पँथेऑन, म्हणजे फ्रान्समधल्या थोरांचं समाधिस्थळ, चालत दहा मिनिटांवर. १९९५ मध्ये दोघांना तिथे आणलं. स्वतःच्या कर्तृत्वावर तिथे जागा मिळालेली ती पहिली बाई.

मृण्मयीताई, नाटिकेत नोबेलचा प्रसंग असेल तर हे जरूर घाला. १९०३ साली फ्रेंच विज्ञान अकादमीच्या चौघांनी नाव सुचवलं ते बेकेरेल आणि पिएर या दोघांचंच. स्वीडनचे गणितज्ञ मिताग-लेफ्लर यांनी पिएरना आधीच कळवलं, आणि पिएरनी उलट टपाली लिहिलं की माझा विचार होत असेल तर मेरीबरोबरच व्हावा.

शैला_निवृत्त

सेनकाठ, ती पेटी मला प्रत्यक्ष बघायची आहे. पाहू कधी योग येतो.

आता वह्या. खरं आहे, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्या शिशाचं अस्तर असलेल्या पेट्यांत आहेत. पण हात लावताच येत नाही असं नाही. अभ्यासकांना जबाबदारीच्या कागदावर सही करून, काळजी घेऊन बघता येतात. पंधराशे वर्षांची गोष्ट आली ती रेडियमच्या अर्धायुष्यावरून. ते आहे १६०० वर्षं. म्हणजे १६०० वर्षांनी त्या पानांवरचं रेडियम निम्मं होईल, संपणार नाही. पुढच्या १६०० वर्षांत त्याच्या निम्मं. तेव्हा फॉरवर्ड सांगतो तशी अमुक वर्षांनी ती पानं एकदम निर्धोक होणार, असा काही हिशेब नाही.

मृत्यू. ४ जुलै १९३४, फ्रेंच आल्प्समधलं सांसेलमोजचं आरोग्यधाम. निदान अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, म्हणजे अस्थिमज्जेनं रक्त तयार करणं थांबवणं. वर्षानुवर्षं किरणांत राहिल्याचा हा परिणाम, याबद्दल वाद नाही. पण कुठले किरण? १९९५ मध्ये पँथेऑनला नेण्यासाठी शवपेटी बाहेर काढली तेव्हा फ्रान्सच्या किरण-संरक्षण खात्यानं मोजमाप केलं. शरीरात रेडियम फार साठलेलं असतं तर त्यातून निघणारा रेडॉन वायू पेटीत भरपूर सापडला असता. सापडला तो अगदी थोडा. त्यावरून त्यांनी म्हटलं की संशयाचं बोट रेडियमपेक्षा पहिल्या महायुद्धातल्या क्ष-किरणांकडे जातं. त्या युद्धात तिनं क्ष-किरण यंत्रं बसवलेल्या सुमारे वीस गाड्या उभ्या केल्या, दोनशेच्या आसपास कायम केंद्रं उभारली, स्वतः गाडी चालवायला शिकली, आघाडीवर गेली. सतरा वर्षांची इरेन, थोरली मुलगी, सोबतीला. त्या यंत्रांना आडोसा म्हणून जवळजवळ काहीच नसे. जखमी सैनिकाच्या मांडीतली गोळी नेमकी कुठे आहे हे सर्जनला दाखवताना दाखवणारीचे हात किरणांत.

या सगळ्यात मला जे मनापासून सांगायचं आहे ते असं. लोक मेरी क्युरीची सोसणारी बाई करून ठेवतात. मला दिसते ती मोजणारी बाई. आणि तिचा वारसा आमच्या विभागापर्यंत आला तोही मोजण्यातूनच.

१९११ साली तिनं २१.९९ मिलिग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड काचेच्या बारीक नळीत बंद केलं. पॅरिसजवळ सेव्हर्स इथे, जिथे मीटर आणि किलोग्रॅमची मानकं ठेवलेली असतात, तिथे १९१३ मध्ये ती नळी जगाचं प्रमाण म्हणून ठेवली. तोपर्यंत डॉक्टर रेडियम वापरत होते, पण व्हिएन्नाचे दहा मिलिग्रॅम आणि लंडनचे दहा मिलिग्रॅम एकच आहेत याची कोण खात्री देणार? त्या नळीशी ताडून पाहिलेली उपप्रमाणं देशोदेशी गेली आणि सगळ्यांची भाषा एक झाली.

मी नोकरीला लागले तेव्हा रेडियमचे दिवस सरत आले होते, सीझियम आणि इरिडियम येत होतं. तरी तिजोरीत सुया होत्या. प्लॅटिनम-इरिडियमची नळी, भिंत अर्धा मिलिमीटर जाड, आत रेडियमचं क्षार. एक टोक अणकुचीदार, दुसऱ्या टोकाला नेढं, त्यात रेशमी धागा. जिभेच्या कॅन्सरला सर्जन त्या सुया जिभेत एका ठरलेल्या आकृतीत खोचत, धागे तोंडाबाहेर काढून गालाला चिकटवत. आपल्याकडे तंबाखूमुळे असे रोगी किती, ते काय सांगायचं. पेशंट काही दिवस त्या सुया घेऊनच वॉर्डात असायचा. मात्रा ठरायची मिलिग्रॅम-तासांत: किती मिलिग्रॅम रेडियम, किती तास. सेव्हर्सच्या त्या नळीतला मिलिग्रॅम शेवटी आमच्या केसपेपरवर उतरायचा.

आमचं रोजचं काम म्हणजे सुया मोजणं. शिशाच्या विटांच्या आडून, लांब चिमट्यानं, आरशात बघत. तिजोरीतून किती निघाल्या, ऑपरेशन थिएटरमध्ये किती गेल्या, वॉर्डात किती, परत किती. रजिस्टरवर दोघांच्या सह्या. एकदा संध्याकाळी एक सुई कमी भरली. वॉर्ड सील केला, कचरा अडवला, आयाबाईंना घरी जाऊ दिलं नाही. गायगर काउंटर घेऊन मी आणि टेक्निशियन एकेक बादली, एकेक गाठोडं तपासत गेलो. धुलाईला निघालेल्या चादरींच्या गठ्ठ्याशी काउंटरचा आवाज एकदम वाढला. सुई चादरीच्या घडीत होती. पेशंटनं झोपेत धागा ओढला होता. ती धोब्याकडे गेली असती तर किती जणांच्या घरी पोचली असती, हा विचार आजही नकोसा वाटतो.

सुईला अदृश्य चीर पडली तर आतला रेडॉन वायू बाहेर येतो. म्हणून ठराविक काळानं प्रत्येक सुई कापसाबरोबर बाटलीत बंद करून ठेवायची, नंतर सुई काढून नुसता कापूस मोजायचा. कापूस बोलला की सुई बाद.

हे सगळे नियम कुणाच्या तरी जिवावर शिकलेले आहेत. न्यू जर्सीतल्या कारखान्यात घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करत. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखं वागतं, थेट हाडांत जाऊन बसतं. जबडे सडले, हाडं मोडली, कितीतरी जणी गेल्या. त्यांच्यातल्या पाच जणींनी कोर्टात खेचलं तेव्हा १९२८ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. शरीरात रेडियमचा किती अंश चालेल याची पहिली मर्यादा ठरली ती या मुलींच्या शरीरांच्या अभ्यासावरून. नाटिकेत क्युरी असेल तर या मुलींसाठीही एखादं वाक्य असावं असं मला फार वाटतं. त्या तुमच्या विद्यार्थिनींपेक्षा फार मोठ्या नव्हत्या.

निफाडकर

धागा वाचतोय, आवडला. एक बाजूचा प्रश्न विचारतो. आमच्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र आहे, 'कृषक'. कांदा-आंबा तिथे जातो. गावात अजून लोक म्हणतात, किरण दिलेला कांदा खाल्ला की किरण पोटात जातात. याचा क्युरीबाईंशी काही संबंध आहे का, आणि लोकांना नेमकं काय सांगावं?

शैला_निवृत्त

निफाडकर, बाजूचा कसला, मुख्य प्रवाहातलाच प्रश्न आहे. संबंध आईपेक्षा मुलीशी जास्त.

जानेवारी १९३४. इरेन आणि तिचा नवरा फ्रेदेरिक जोलियो अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर पोलोनियमच्या अल्फा कणांचा मारा करत होते. पोलोनियम बाजूला केलं तरी पत्र्यातून किरण येतच राहिले आणि काही मिनिटांत विझले. अ‍ॅल्युमिनियमचं किरणोत्सारी फॉस्फरस झालं होतं. निसर्गात न मिळणारं किरणोत्सारी मूलद्रव्य माणसानं पहिल्यांदाच बनवलं. मेरीनं जाण्यापूर्वी हे पाहिलं, त्याचा मला फार आनंद वाटतो. पुढच्या वर्षी दोघांना नोबेल मिळालं. (इरेनचा आपल्याकडचा धागाही आहे: १९५० च्या जानेवारीत कोलकात्यात मेघनाद साहांच्या अणुभौतिकी संस्थेचं उद्घाटन तिच्या हस्ते झालं.) रेडियमच्या सुयांना आता रुग्णालयांत कुणी विचारत नाही, कारण हवं तसं, हव्या अर्धायुष्याचं समस्थानिक अणुभट्टीत बनवता येतं. थायरॉइडला आयोडीन-१३१, मोठ्या यंत्रांना कोबाल्ट-६०.

लासलगावात आहे ते कोबाल्ट-६०. साधं कोबाल्ट अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवलं की ते तयार होतं, अर्धायुष्य सव्वापाच वर्षं. त्याचे गॅमा किरण कांद्यातून आरपार जातात, जाताना कोंबाच्या वाढणाऱ्या पेशी बंद पाडतात. कांदा कोबाल्टला कुठे शिवतही नाही, कोबाल्ट धातूच्या बंद नळ्यांत असतं. आणि या गॅमा किरणांची ऊर्जा इतकी नाही की कांद्यातल्या अणूंच्या केंद्रकात बदल करेल. म्हणून कांदा किरणोत्सारी होत नाही. आंब्याला मात्रा जास्त, अमेरिकेला जाणाऱ्याला चारशे ग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणांचं माप), कारण तिथे कोयीतल्या भुंग्यासारख्या किडींचा बंदोबस्त हवा असतो. कांद्याला त्यापेक्षा खूपच कमी पुरते.

लोकांना सांगताना एक करा. एक्स-रे काढून आलेला माणूस घरी आला की आपण त्याच्यापासून लांब बसतो का, एवढंच विचारा.

आंबेमोहर

शैलाताई, प्लेटबद्दल नीट समजावलंत, आभार. एक विचारू? तिच्या प्रयोगशाळेत इतर बायका होत्या का, की ती एकटीच?

शैला_निवृत्त

भरपूर होत्या, आणि हे फारसं सांगितलं जात नाही. नॉर्वेच्या एलेन ग्लेडिच १९०७ पासून पाच वर्षं तिच्याकडे होत्या, पुढे रेडियमच्या अर्धायुष्यावर त्यांनी महत्त्वाचं काम केलं. कॅनडाच्या हॅरिएट ब्रुक्स भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड यांच्याकडून आलेल्या. आणि मार्गरिट पेरे. वीस वर्षांच्याही नव्हत्या, विद्यापीठाची पदवी नव्हती, १९२९ मध्ये नमुने तयार करणारी सहायक म्हणून मेरीनं त्यांना घेतलं. अ‍ॅक्टिनियम हे आणखी एक किरणोत्सारी मूलद्रव्य शुद्ध करण्याचं काम दिलं. दहा वर्षांनी, १९३९ मध्ये, त्याच अ‍ॅक्टिनियममध्ये पेरेंना फ्रान्सियम हे नवं मूलद्रव्य सापडलं. कसं? ताज्या शुद्ध केलेल्या नमुन्याचा आकडा सुरुवातीला अपेक्षेप्रमाणे वागत नव्हता. पुन्हा न जुळणारा आकडा. १९११ मध्ये ज्या अकादमीनं थोडक्या मतांनी मेरीला नाकारलं, तिथे १९६२ साली पेरे पत्रव्यवहारी सभासद (पूर्ण सभासद नव्हे) म्हणून निवडून आल्या, तशा पहिल्याच बाई.

मृण्मयी_वाई

शैलाकाकू (काकू म्हटलं तर चालेल ना?), तुमचे सगळे प्रतिसाद मुलांना वर्गात वाचून दाखवले. ५.२ आणि ०.९ फळ्यावर लिहिले तेव्हा मेरी झालेली मुलगी जागेवरून उठलीच, "म्हणजे जमिनीतल्यात अजून कुणीतरी लपलंय!" आता कढईच्या आधी टेबलाचा प्रसंग घेतोय. ब्रशवाल्या मुलीही आल्यात, तीन जणी, एकही संवाद नाही.

आता मुलांना हवेतून वीज जाते हे रंगमंचावर खरंच करून दाखवायचंय. किरणोत्सारी काही अर्थातच नको. काही करता येईल का?

शैला_निवृत्त

काकू चालेल, आवडेल.

येईल, आणि सोपं आहे. मुरंब्याची रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या, उन्हात ठेवून खडखडीत वाळवा. तोंडाला प्लॅस्टिकचं झाकण, त्यातून जाड तांब्याची तार आत सोडा. तारेचं खालचं टोक आकड्यासारखं वाकवून त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या दोन अरुंद पट्ट्या सैल अडकवा, तीन-चार सेंटिमीटर लांबीच्या, अगदी सपाट केलेल्या. वरच्या टोकाला फॉइलचा घट्ट गोळा. प्लॅस्टिकची पट्टी लोकरीवर घासून त्या गोळ्याला लावा, पट्ट्या फाकतील आणि फाकलेल्याच राहतील. आता गोळ्याला न टेकवता, चार बोटं अंतरावर पेटलेली मेणबत्ती आणा. ज्योतीमुळे भोवतालची हवा वाहक होते, भार निघून जातो आणि पट्ट्या मिटतात. मेरीच्या टेबलावर हेच काम पुडीतले किरण करत होते.

मागच्या रांगेतल्यांना पट्ट्या दिसणार नाहीत, म्हणून बरणीमागे पांढरा कागद लावा आणि समोरून टॉर्चनं कागदावर सावली पाडा. तालमीत मुलांना हातात स्टॉपवॉच द्या: मेणबत्ती जवळ असताना किती सेकंदांत मिटतात, लांब असताना किती, मेणबत्तीशिवाय किती. तिन्ही आकडे फळ्यावर लिहायला लावा. प्रयोगाच्या दिवशी हवा दमट असेल तर बरणी आणि पट्टी आधी हेअर ड्रायरनं वाळवून घ्या. आणि केस मोकळे असलेल्या मुलीच्या हातात मेणबत्ती देऊ नका.